हनुवटीवरच्या बाईसाहेब

प्राचीन चीनमधल्या दाढीची ओळख करून द्यायची, तर तिच्या तोऱ्यापासूनच सुरुवात करावी लागते. बाई मुळात विरळ. बहुतेक चिनी पुरुषांच्या चेहऱ्यावर ती उशिरा यायची, थोडी यायची आणि गालांकडे फारशी फिरकायची नाही. ओठाच्या दोन टोकांना दोन झुबके आणि हनुवटीखाली एक, एवढाच अनेकांचा संसार. त्यामुळे एखाद्या चेहऱ्यावर ती भरघोस उतरली, की तिचा रुबाब काय वर्णावा! इतिहासकारसुद्धा तिला नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नसत. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग हा मूळचा एका छोट्या ठाण्याचा नाईक. त्याच्या चरित्रात उंच नाक, डाव्या मांडीवरचे ७२ काळे तीळ आणि सुंदर दाढीमिशा यांची नोंद शेजारीशेजारी आहे. त्याच घराण्यातला हुओ ग्वांग हा कारभारी इतका जबरदस्त, की इ.स.पू. ७४ मध्ये त्याने एका सम्राटाला २७ दिवसांत गादीवरून खाली उतरवलं. त्याचं वर्णन करतानाही गोरा रंग आणि रेखीव भुवया झाल्यावर इतिहासकार दाढीपाशी थांबलाच. शिआनजवळ १९७४ मध्ये जमिनीतून वर आलेली हान घराण्याच्याही आधीच्या, चीनच्या पहिल्या सम्राटाची मातीची फौज पाहा. हजारो सैनिक, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या ओठावर मिशी. कुणाची टोकं वर वळलेली, कुणाची खाली उतरलेली, कुणाच्या हनुवटीवर चिमूटभर बट. साध्या शिपायाच्या मातीच्या चेहऱ्यावरही कारागिराने तिला विसरून चालणार नव्हतं.

एवढा तोरा असला, तरी नवख्या माणसाने एक ध्यानात ठेवावं. ती ज्याच्या हनुवटीवर राहायची, त्याच्या मालकीची नसायची. कन्फ्यूशियसच्या परंपरेत आईवडिलांच्या सेवेवर एक छोटा ग्रंथ आहे, ‘श्याव चिंग’. त्याच्या आरंभीच शरीर, त्वचा आणि केस हे आईवडिलांकडून आलेलं देणं मानलं आहे आणि ते जपणं ही सेवेची पहिली पायरी ठरवली आहे. तेव्हा दाढी म्हणजे माहेराहून आलेला दागिना. घालावा, मिरवावा, पण मोडायचा अधिकार आपला नाही. तिला विंचरणं, सारखी करणं, टोकं कातरणं चालायचं. मुळापासून उतरवणं मात्र आईबापांचा अपमान होता.

आणि अपमान ही गोष्ट बाईंना मुळीच खपत नसे. १९७५ च्या अखेरीस हूपे प्रांतात, युनमंगजवळच्या श्वेहूती या जागी त्या पहिल्या सम्राटाच्या, म्हणजे छिन काळातल्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याची कबर सापडली. त्याच्या देहाभोवती बांबूच्या अकराशेहून अधिक पट्ट्या रचलेल्या होत्या. जन्मभर कायद्याची कामं केलेला हा गृहस्थ कायदा बरोबर घेऊनच गेला होता. त्या पट्ट्यांवर एक प्रश्न आहे. मारामारीत एखाद्याने दुसऱ्याला बांधून घालून त्याची दाढी आणि भुवया सगळ्याच्या सगळ्या उपटल्या, तर त्याला काय शिक्षा द्यावी? उत्तर : तटबंदी बांधण्याची सक्तमजुरी. हाड मोडलेलं नाही, फक्त केस गेले आहेत, आणि तरी दगडमाती वाहायला जा. राज्यालाही तिची किंमत पक्की ठाऊक होती, म्हणून त्याने तिचा शिक्षेसाठीही वापर केला. मोठ्या गुन्ह्याला डोकं भादरायचं आणि त्याहून हलक्या गुन्ह्याला नुसती दाढी उतरवायची. शिक्षा भोगणारा बाजारातून चालला, की त्याच्या गुळगुळीत हनुवटीकडे पाहून लोकांना निकाल वाचता येई.

वैद्यांनी तिचं मूळ रक्तात शोधलं. ‘ह्वांगती नेइचिंग’ या चिनी वैद्यकाच्या आद्य ग्रंथात प्रश्न पडला आहे, की ती बायकांच्या चेहऱ्यावर का येत नाही आणि खोज्यांच्या चेहऱ्यावरून का निघून जाते. उत्तर असं, की पोटातून वर चढून ओठांना वळसा घालणाऱ्या दोन वाहिन्या असतात. त्यांतलं रक्त तोंडाभोवती पोचलं, की तिथे दाढीमिशा उगवतात. बायकांचं रक्त दर महिन्याला खाली जातं, म्हणून वर पुरत नाही. खोज्याची तर वाहिनीच कापली गेलेली. आजच्या शरीरशास्त्रात हे बसणार नाही, पण पाहणी किती बारकाईची आहे! दाढीचा संबंध ओठांशी नसून खाली, फार खाली आहे, हे त्या जुन्या वैद्यांनी नेमकं ओळखलं होतं.

राजवाड्याने ते आधीपासूनच ओळखलं होतं. अंतःपुरात वावरायची मुभा होती ती दाढी नसलेल्यांना. त्यामुळे ती साक्षीदार झाली, आणि साक्षीदार म्हणून फार निष्ठुर निघाली. इ.स. १८९ मध्ये लोयांगच्या राजवाड्यात खोज्यांनी सेनापतीचा खून केला. सूड म्हणून युआन शाओ या सरदाराच्या सैनिकांनी राजवाड्याचे दरवाजे बंद करून दिसेल त्या खोज्याला कापायला सुरुवात केली. ओळख पटवायला वेळ कुणाला होता? हनुवटी पाहायची आणि तलवार चालवायची. ज्यांच्या चेहऱ्यावर ती निसर्गतःच उगवली नव्हती असे कितीतरी धडधाकट पुरुष त्यात गेले. काहींनी भर अंगणात कपडे सोडून आपलं पुरुषपण दाखवलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव वाचला. दोन हजारांहून अधिक माणसं त्या कत्तलीत मेली.

पुढे दीडशे-एक वर्षांनी, ३४९ च्या सुमारास, उत्तरेकडच्या ये या राजधानीत तिने अगदी उलट साक्ष दिली. रान मिन या सेनापतीने परक्या टोळ्यांच्या लोकांना ठार मारण्याचा हुकूम काढला. परके ओळखायचे कसे? उंच नाक आणि दाट दाढी. त्यात नाक-दाढीच्या संशयावरून निव्वळ चिनी माणसंही ढिगांनी मारली गेली. दोन लाखांवर मेले, असं जुना इतिहास सांगतो. एका शहरात ती नव्हती म्हणून माणूस गेला, दुसऱ्या शहरात ती जास्त होती म्हणून. तिच्याविषयी लिहिताना मला या दोन नोंदी टाळता येत नाहीत. तिच्या कौतुकाच्या कथा शेकड्यांनी आहेत, पण चेहऱ्यावरच्या केसांकडे बघून माणसाचं काय करायचं ते ठरवायला लोक लागले, की काय होतं ते या दोन नोंदींत आहे.

आता तिच्या वैभवाच्या दिवसांकडे येऊ. तिसऱ्या शतकाच्या तोंडावर हान साम्राज्याचे तीन तुकडे होत होते, आणि त्या तिन्ही दरबारांत बाईसाहेबांचं चांगलंच प्रस्थ होतं.

पहिला मान ग्वान यूचा. त्यांतल्या एका दरबारचा राजा ल्यू बेइ, त्याचा हा सरदार दाढीसाठी इतका प्रसिद्ध, की त्याचा सहकारी मुत्सद्दी चूगे ल्यांग पत्रात त्याचा उल्लेख सरळ ‘दाढी’ असाच करतो. झालं असं, की मा छाओ नावाचा नामांकित योद्धा नुकताच त्यांच्या पक्षाला येऊन मिळाला होता. तो आपल्या तोडीचा आहे का, असं ग्वान यूने पत्रातून विचारलं. चूगे ल्यांग माणसं ओळखणारा. त्याने मा छाओची पोटभर स्तुती केली आणि शेवटी लिहिलं, की तो मोठा खराच, पण आमच्या दाढीची सर त्याला नाही. ग्वान यू एवढा खूश झाला, की पत्र येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना दाखवत बसला. हे दंतकथेतलं नाही, तिसऱ्या शतकातल्या इतिहासात नोंदलेलं आहे. रणांगणावर काळ ठरलेला माणूस, आणि दाढीचं कोणी नाव घेतलं की विरघळायचा.

चौदाव्या शतकात आकाराला आलेल्या ‘तीन राज्यांची कथा’ या कादंबरीने तिला आणखी सजवलं. तिथे ग्वान यू शत्रूकडे, म्हणजे त्साओ त्साओकडे, काही काळ अडकतो. त्साओ त्साओ त्याला वश करायला घोडा देतो, वस्त्रं देतो, आणि एक दिवस दाढीची चौकशी करतो. ग्वान यू सांगतो, की शरदात काही केस गळतात, म्हणून हिवाळ्यात काळ्या रेशमी पिशवीत गुंडाळून ठेवतो. त्साओ त्साओ ताबडतोब तिच्यासाठी खास रेशमी पिशवी शिवून देतो. दुसऱ्या दिवशी दरबारात सम्राट विचारतो, छातीवर हे काय बांधलंय? पिशवी सोडली जाते, बाईसाहेब पोटाखालपर्यंत उतरतात, आणि सम्राटाच्या तोंडून पदवी निघते : सुंदर दाढीचे स्वामी. ती पदवी पुढे देवालाही चिकटली. ग्वान यू मेल्यावर लोकांनी त्याला देव केलं, निष्ठेचा आणि शब्द पाळण्याचा देव. चिनी दर्यावर्दी जिथे गेले, तिथे त्याला बरोबर घेऊन गेले. मुंबईत माझगावला १९१९ सालचं सी यिप मंदिर आहे. तिथे ज्या क्वान कुंगची पूजा होते, तो हाच ग्वान यू. नावाचा उच्चार तेवढा दक्षिणेकडचा.

दुसऱ्या दरबाराचा धनी त्साओ त्साओ. त्याचं स्वतःचं तिच्याशी कधी नीट जमलं नाही. आपण दिसायला भारदस्त नाही, हे त्याच्या मनात सलत असे. श्युंगनू टोळीचा वकील भेटीला यायचा होता, तेव्हा त्याने आपल्या जागी त्स्वे यान या मंत्र्याला बसवलं. त्स्वे यानची दाढी चार छी, आजच्या मापाने जवळजवळ एक मीटर. दरबार भरला, दाढी आसनावर बसली आणि त्साओ त्साओ हातात तलवार घेऊन पहारेकरी म्हणून बाजूला उभा राहिला. भेट संपल्यावर त्याने हेर पाठवून वकिलाला विचारलं, आमचे राजे कसे वाटले? वकील म्हणाला, राजे देखणे आहेत, पण शेजारी तलवार घेऊन उभा होता तोच खरा वीर. हे कळताच त्साओ त्साओने माणसं पाठवून त्या वकिलाला वाटेतच मारलं. पाचव्या शतकातल्या एका कथासंग्रहात ही गोष्ट येते. इतिहासातला शेवट आणखी क्रूर आहे. २१६ मध्ये त्स्वे यानवर त्साओ त्साओची मर्जी फिरली. आधी शिक्षा झाली, आणि मग तक्रार आली, की शिक्षा भोगतानाही हा दाढी ताठ करून पाहुण्यांकडे रोखून बघतो, मनात राग धरून आहे. त्याला मरायला भाग पाडलं गेलं. ज्या दाढीला राजाच्या जागी बसवलं होतं, तिच्या ताठ्यावरच ठपका आला.

कादंबरीकाराने याचं देणं त्साओ त्साओकडून वसूल केलं आहे. थुंग खिंडीच्या लढाईत, २११ साली, मा छाओचं सैन्य त्याच्या पाठीस लागतं. ‘तांबड्या झग्यातला त्साओ त्साओ!’ अशी आरोळी उठते, तेव्हा तो झगा फेकतो. ‘लांब दाढीचा त्साओ त्साओ!’ ओरडा होतो, तेव्हा तलवारीने दाढी कापतो. ‘आखूड दाढीचा त्साओ त्साओ!’ आता काय करावं? तो निशाणाचा तुकडा फाडून हनुवटीभोवती गुंडाळतो आणि घोडा पिटाळतो. चिनी प्रेक्षक या प्रसंगाला शेकडो वर्षं मनापासून हसले. ज्याला दाढी मान मिळवून देते, त्याला ती पळताना लपू देत नाही.

तिसऱ्या दरबाराचं थोडक्यात सांगतो. तिथला राजा सुन छ्वान, त्याची दाढी तांबूस-जांभळी होती. हेफेइच्या लढाईनंतर शत्रूचा सेनापती शरण आलेल्या शिपायांना विचारू लागला, की तो जांभळ्या दाढीचा, पाय आखूड असलेला तिरंदाज कोण होता? तोच सुन छ्वान, असं उत्तर मिळालं, तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. हातचा राजा दाढी बघूनही निसटला होता.

तिला वाईट दिवसही आले. सहाव्या शतकात दक्षिणेतल्या ल्यांग राज्यात उमरावांची पोरं चेहरा गुळगुळीत करून पावडर आणि लाली लावू लागली, कपड्यांना धूप देऊ लागली. यान चितुई या गृहस्थाने आपल्या मुलांसाठी लिहिलेल्या उपदेशात यावर मोठी नाराजी काढली आहे. आणि तिच्याविना थोर झालेल्या माणसाची कथाही चिनी परंपरेतच सापडते. कन्फ्यूशियसचा नातू छी राज्यात गेला. तिथल्या राजाने आपल्या देखण्या, दाढीदार दरबाऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं, चेहरे बदलता आले असते, तर याची दाढी आणि भुवया मी आपल्याला आनंदाने दिल्या असत्या. नातू शांतपणे म्हणाला, की माझ्या आजोबांनाही दाढी-भुवया नव्हत्या, म्हणून काही राजांनी त्यांचा मान कमी केला नाही. हे जुन्या कथांतलं आहे आणि आज आपण पाहतो त्या बहुतेक चित्रांत कन्फ्यूशियसला लांब दाढी आहे. लोकांना त्यांचा गुरू तिच्याशिवाय चालला नाही.

श्ये लिंगयुनची दाढी मात्र मला सगळ्यांत जवळची वाटते. पाचव्या शतकातला हा कवी डोंगरदऱ्यांत रमणारा, बौद्ध ग्रंथांच्या चिनी पाठांवर काम केलेला आणि राजकारणात नको तिथे बोलणारा. ४३३ मध्ये कँटनमध्ये त्याला देहदंड झाला. मरण्यापूर्वी त्याने आपली सुंदर दाढी तिथल्या एका विहाराला दान केली, विमलकीर्तीच्या मूर्तीला लावण्यासाठी. विमलकीर्ती हा आपल्या वैशालीचा गृहस्थ, घरात राहूनही ज्ञानी झालेला. विहाराचं नावही श्रावस्तीच्या जेतवनावरून ठेवलेलं. अशी ती चिनी दाढी भारतीय संताच्या हनुवटीवर पावणेतीनशे वर्षं राहिली, आणि भिक्षूंनी ती जपली. मग थांग काळात आनले नावाची एक लाडावलेली राजकन्या झाली. पाचव्या महिन्याच्या पंचमीला दुर्मीळ वनस्पती आणि वस्तू आणून एकमेकींवर मात करायचा खेळ असे. तिने घोडेस्वार दौडवून श्ये लिंगयुनची दाढी मागवली, आणि उरलेली दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून तीही कापून टाकायला लावली. चिनी लेखक हे लिहून थांबतो. मला थांबवत नाही. मरणाऱ्या माणसाने आपल्याजवळचं सर्वांत सुंदर जे होतं ते देवाला दिलं, आणि ते एका दुपारच्या खेळात संपलं.

त्याच थांग घराण्यात तिने आपलं औदार्यही दाखवलं होतं. सम्राट थायझोंगची दाढी कुरळी आणि राकट. तिच्यावर धनुष्य टांगून तो गंमत करायचा म्हणे. त्याचा सेनापती ली ची आजारी पडला आणि औषधात दाढीची राख लागते, असं वैद्यांनी सांगितलं. सम्राटाने आपलीच दाढी कापून जाळली आणि राख पाठवली. ली चीने जमिनीवर रक्त येईस्तोवर डोकं आपटून कृतज्ञता व्यक्त केली. सम्राट म्हणाला, की हे मी राज्यासाठी केलं, एवढे आभार कशाला? आईवडिलांचं देणं न मोडण्याचा नियम त्या दिवशी सम्राटाने मोडला तो एका माणसाच्या जिवासाठी. सोळाव्या शतकात ली शचनने आपला प्रचंड औषधिकोश लिहिला, तेव्हा मानवी शरीरापासून मिळणाऱ्या औषधांत दाढीमिशांची नोंद रीतसर केली.

बाईंना वयाची भारी जाण. तरुणाला ती लवकर मान देत नाही आणि म्हाताऱ्याचं गुपित ठेवत नाही. इ.स. २३ मध्ये वांग मांग या सम्राटाचं राज्य चहूकडून पेटलं होतं. आपण निर्धास्त आहोत हे दाखवायला सत्तरीला टेकलेल्या या माणसाने केस आणि दाढी काळी रंगवली आणि नवी सम्राज्ञी करून आणली. त्याच वर्षी बंडखोरांनी त्याला राजवाड्यात गाठून मारलं. च्याचिंग सम्राटाला सोळाव्या शतकात एका ताओपंथीयाने ‘सात रत्नांची दाढी-शोभा’ नावाची गोळी दिली. तिच्यातली मुख्य मुळी हो शोउ वू ही केस काळे ठेवते असा समज आजही चिनी औषधांच्या दुकानांत टिकून आहे.

आणि याच्या नेमकं उलट सुंग काळातला खोउ चुन. तिशी ओलांडतो न ओलांडतो तोच सम्राटाला त्याला मोठं पद द्यावंसं वाटलं, पण वय आड आलं. हे कळल्यावर खोउ चुनने दिहुआंग नावाची मुळी आणि मुळा एकत्र खायला सुरुवात केली. हे दोन एकत्र खाल्ले की केस पांढरे होतात, अशी वैद्यांची ताकीद असे. थोड्याच दिवसांत दाढी पांढरी झाली, आणि पद मिळालं. जग काळेपणासाठी औषधं खात असताना या गृहस्थाने पांढरेपणासाठी खाल्ली, आणि त्या दाढीवर पुढे राज्यही सांभाळलं.

त्याच पांढऱ्या दाढीत एकदा सूप सांडलं. खोउ चुन तेव्हा मुख्यमंत्री होता. मंत्रिकचेरीत सगळे जेवायला बसले होते. तिंग वेइ नावाचा सहमंत्री उठला आणि हळुवार हाताने वरिष्ठाची दाढी पुसू लागला. खोउ चुन हसून म्हणाला, राज्याचा मोठा मंत्री, आणि साहेबाची दाढी पुसतो? एवढंच वाक्य. तिंग वेइचा चेहरा उतरला आणि मनात अढी बसली. पुढे त्याने कारस्थानं करून खोउ चुनला दक्षिणेच्या टोकाला, लेइचोउला हद्दपार करवलं. लवकरच तिंग वेइवरही तीच पाळी आली, आणि त्याचा रस्ता लेइचोउवरून जात होता. खोउ चुनने त्याच्यासाठी हद्दीवर शिजवलेलं बकरं पाठवलं आणि आपले नोकर सूड घ्यायला निघालेत हे कळताच त्यांना घरात कोंडून जुगार खेळायला बसवलं, तिंग वेइ सुखरूप पुढे जाईपर्यंत. दाढीचा राग त्याने धरला नाही. तो १०२३ मध्ये लेइचोउलाच मेला. हांजी-हांजी करण्याला चिनी भाषेत आजही दाढी गोंजारणं म्हणतात, ते या जेवणापासून.

तिचा स्वभाव उघडा पडला तो मात्र एका साध्या प्रश्नाने. त्साय श्यांग हा अकराव्या शतकातला थोर सुलेखनकार, चहावर ग्रंथ लिहिणारा, छ्वानचोउजवळचा दगडी पूल बांधवणारा, आणि दाढीसाठी प्रसिद्ध. सम्राट रेनझोंगने एकदा निवांत वेळी सहज विचारलं, रात्री झोपताना ही पांघरुणाच्या आत ठेवता की बाहेर? त्साय श्यांगला उत्तर देता येईना. त्या रात्री त्याने आत ठेवून पाहिली, मग बाहेर ठेवून पाहिली. कशीही ठेवली तरी अवघडल्यासारखं वाटे. रात्रभर डोळा लागला नाही. कोणी लक्ष देत नसतं तोवर बाई शहाण्यासारख्या राहतात. चौकशी झाली, की झोप उडवतात.

मिंग काळात तर तिच्या नसण्यानेही चाकरी केली. वांग चन या खोज्याच्या हाती पंधराव्या शतकाच्या मध्यात सगळी सत्ता होती. त्याने वांग यो या उपमंत्र्याला विचारलं, तुम्हाला दाढी कशी नाही? तो गृहस्थ म्हणाला, मालकांना जी नाही, ती या मुलाने कशी ठेवावी?

राजवाड्यातून ती रंगभूमीवर आली आणि तिथे तिचं राज्य आजही चालू आहे. पेकिंग ऑपेरात दाढी चेहऱ्याला चिकटवत नाहीत. तारेच्या कमानीवर याकच्या शेपटीचे केस ओवून ती कानांवर अडकवतात. अख्खा पडदा असावा तशी एकसंध दाढी प्रतिष्ठिताची, तीन बटांची विद्वानाची, तोंड मोकळं ठेवणारी दांडगोबाची, आणि ग्वान यूला त्याची खास पाच बटांची. काळी, करडी, पांढरी हे वय. तांबडी म्हटली की तापट डोकं. नट वर्षानुवर्षं तिला झटकायला, हातावर पेलायला, फुंकरीने उडवायला शिकतो. वू झिश्यूचं नाटक तर तिच्यावरच उभं आहे. बाप आणि भाऊ मारले गेलेत, सीमेवरच्या नाक्यावर आपलं चित्र लागलंय, रात्र सरत नाही. तो गातो, पडद्याआड जातो, येतो तेव्हा काळीची करडी झालेली असते. पुन्हा जातो, येतो तेव्हा पांढरी. चिंतेने एका रात्रीत म्हातारा झालेला माणूस, आणि ते सगळं सांगायला फक्त तीन दाढ्या.

१६४५ मध्ये मांचूंनी चिनी पुरुषांना कपाळ भादरून वेणी ठेवायची सक्ती केली. नकार देणाऱ्यांची डोकी उडाली. त्या फर्मानाने तिला मात्र हात लावला नाही. पण विसावं शतक उजाडलं तसे तिच्यावर मत देणारे आणखी वाढले. लेखक लू शुन यांनी १९२४ मध्ये मिशीवर एक निबंध लिहिला. त्यांच्या मिशीची टोकं वर वळलेली, म्हणून ती जपानी ठरली. एका नावाड्याने तर त्यांना परदेशी समजून त्यांच्या चिनी बोलण्याचं कौतुक केलं. टोकं खाली सोडली, तर दुसऱ्या बाजूचे नाराज. शेवटी दोन्ही टोकं कापून त्यांनी ती सरळ रेघेसारखी केली, तेव्हा बोलणारे गप्प झाले. आईबाप, न्यायाधीश, सम्राट, शत्रू, खुशमस्करे, देशभक्त, सगळ्यांचा तिच्यावर हक्क. ज्याच्या चेहऱ्यावर ती होती तोच काय तो रांगेत शेवटी.

म्हणून मेइ लानफांग यांची मिशी मोलाची. पेकिंग ऑपेरातल्या स्त्रीभूमिकांचे ते सर्वांत मोठे नट. अशा नटाच्या ओठावर केसाची सावलीही चालत नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजांनी हाँगकाँग घेतलं तेव्हा ते तिथे होते. जेत्यांना त्यांना रंगमंचावर पाहायचं होतं. मेइ लानफांग यांनी मिशी वाढवली. पुढे शांघायला परतल्यावरही ती ठेवली, गाणं बंद ठेवलं, घर चालवायला चित्रं काढून विकली. मिशीवाल्या नायिकेला कोण नाचवणार? तिथे कुणाची सक्ती नव्हती, कुणाची पदवी नव्हती. त्यांनी स्वतः ठरवून ठेवलेली ती मिशी होती. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली, तेव्हा त्यांनी ती स्वतःच उतरवली आणि त्याच वर्षी शांघायमध्ये पुन्हा रंगमंचावर आले.